मान थोरल्याचा, दावं धाकट्याचं

लग्नाच्या मांडवात परब सरांच्या हाती माईक द्यायचा नाही, असा आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जायचा.

त्याचं कारण आमच्या गणिताच्या सरांचं लग्न. पेडण्यातला हॉल, व्यासपीठावर लाल मखमलीची दोन सिंहासनं, त्यांवर दोन घामाघूम माणसं. प्राचार्यांनी 'वधूवरांना शुभेच्छापर दोन शब्द' म्हणून परब सरांना पुढे केलं, कारण ज्येष्ठ तेच होते. सर उठले, माईक हातात धरून त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि नेहमीच्या थकल्या आवाजात बोलू लागले.

"पाऊस ओसरला की आमच्या माडांमध्ये एक मोठी कोळीण जाळं विणते. तळहाताएवढी असते. जाळ्याच्या कडेला तिळाएवढा एक जीव बसलेला असतो, तो तिचा नवरा. तो नुसता बसून असतो, कारण तिला भूक असताना जवळ गेला तर संपला. मग एखादा नाकतोडा जाळ्यात सापडतो, ती जेवायला बसते, आणि हा तेवढ्यात आपलं काम उरकून येतो. नवरदेवाला माझा एवढाच सल्ला, की मागायचं ते ती जेवत असताना मागून घ्यावं. आणि या सगळ्यात तो स्वतः जेवला कधी, हे कोणी विचारत नाही. तेवढं वहिनीनं विचारावं."

मुलं हसली. मुलीचा मामा हसला नाही. तो म्हापशाहून आला होता, आणि 'आमच्या चेडवाक कोळीण म्हटल्यान' एवढंच धरून तो पंगतीत शेवटपर्यंत बसला होता. त्या दिवसापासून तो नियम.

'तो जेवला कधी?' हा सरांचा आवडता प्रश्न होता. म्हणजे ज्याला आयुष्यात फारसं काही आवडलेलं दिसत नाही अशा माणसाचा जेवढा असू शकतो तेवढा. आम्ही एकाच खोलीत बसायचो, ते प्राणिशास्त्राचे आणि मी मराठीचा. मी डिचोलीचा म्हणून ते मला 'डिचोलकार' म्हणत. दिसायला कायम तापातून उठल्यासारखे. उंच, थोडे वाकलेले; शर्ट अंगावर असा लोंबायचा की आत अजून हँगर आहेसं वाटे.

पुस्तकात प्रजननाचा धडा आला की इतर शिक्षक 'हा घरी वाचा' म्हणून पान उलटत. सर तो रेंगाळत शिकवत. त्या धड्यात मुलांना जे अपेक्षित असे ते सरांच्या तोंडून कधी येत नसे. यायचा तो थकवा. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना मी थांबून ऐकलं होतं.

"बेडूक पावसात ओरडतो. तुम्हाला वाटतं, आनंदानं. ओरडायला ताकद लागते, ती कुठून आली? अंगातली. ओरडताना तो जेवला कधी? जेवला नाही. वर सापालाही ऐकू येतं. चार दिवसांनी त्याला उचलून बघा, हलका लागतो."

"पण सर, फायदा?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"फायदा म्हणजे पिल्लं. ज्याला मिळाली त्याला. बाकीचे ओरडून जातात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाकीचेच जास्त असतात."

दर वर्षी ते मुलांना चोपड्याला नदीच्या काठी घेऊन जात. ओहोटीच्या वेळी तिथल्या चिखलावर बारीक खेकडे बाहेर येतात. नराचा एक डेंगा, म्हणजे नांगी, एवढा मोठा, की खेकडाच त्याला मागून चिकटवल्यासारखा वाटतो. तो डेंगा उचलून नर दिवसभर हलवत असतो. एका वर्षी मीही गेलो होतो. सर बांधावर छत्री टेकून उभे होते.

"बघा. मादी दोन्ही हातांनी चिखल उचलून खाते. नराला खायला एकच हात. दुसरा समारंभासाठी राखून ठेवलाय. त्यानं खाता येत नाही, उकरता येत नाही. नुसता हलवायचा."

"आणि माद्यांना ते आवडतं?" मी विचारलं.

"आवडतं का माहीत नाही. ज्याचा मोठा त्याच्याकडे जातात. आपल्याकडेही आवडतं का माहीत नाही, पण निवडून देतात."

पुढच्याच आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणे उघड्या जीपमधून हात हलवत आले, फेटा बांधून घेतला, हारात मान घालून पुन्हा हात हलवला, आणि माझ्या शेजारी सर पुटपुटले, "भुकेला असतलो हो." मला त्या पाहुण्यांचं भाषण आठवत नाही. सभागृहाच्या मागच्या बाजूला मुलांच्या ओळीच्या ओळी डावा हात खाली सोडून उजवा हलवत होत्या, ते मात्र आठवतं.

त्यांच्या घरचा रेडा मी पहिल्यांदा पाहिला तोवर आमची चार-पाच वर्षांची ओळख झाली होती. तोवर मला वाटत होतं की हा माणूस सगळं पुस्तकातून शिकला.

परबांचं घर चोपड्याच्या अलीकडे, खाजनाच्या कडेला. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतजमीन. घराच्या मागे एक प्रशस्त गोठा आणि त्यात एकच जनावर. काळंशार, डावं शिंग जरा खाली वळलेलं, डोळे झोपाळू. नाव सायब.

"हा देवाचा," सर म्हणाले. "आमचा नाही. आमच्याकडे फक्त दावं."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. गावच्या म्हशी फळवायला एक रेडा लागतो. तो देवाचा म्हणून पाळायचा, आणि पाळायचं काम पिढ्यान् पिढ्या परबांकडे. म्हैस आणणाऱ्यानं पैसे द्यायचे नाहीत, नारळ ठेवायचा. रेड्याचं दावं परबांच्या घरच्या पुरुषानंच धरायचं, दुसऱ्या कोणी नाही. रेडा द्यायची वेळ आली तर तो परबानंच आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कोणी खुंट्यावरून सोडून नेला तर ती देवाची चोरी. जुना हातचा गेल्याशिवाय नवा आणायचा नाही. या सेवेबद्दल जत्रेच्या दिवशी मानाचा पहिला नारळ परबांच्या थोरल्याला.

"थोरल्याला म्हणजे तुम्हाला?"

"म्हणजे दादाला."

दादा पणजीला सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्तीनंतरही तो हुद्दा त्यांनी अंगावरून उतरवला नव्हता. वर्षातून एकदा ते जत्रेला येत. रेशमी सोवळं, कपाळाला गंध, मोबाइल धरलेला एक पोरगा मागे. देवळाच्या पायरीवर त्यांना नारळ मिळे, ढोल वाजत, फोटो निघे, आणि जेवण करून ते परत जात. वर्षाचे उरलेले दिवस सर. पाऊस संपला की म्हशींचा हंगाम सुरू होई तो थंडी सरेपर्यंत, आणि तेवढे महिने सर गाव सोडू शकत नसत, कारण म्हैस कधी आणतील याचा नेम नाही. विद्यालयाच्या सहली गेल्या, सर गेले नाहीत. दुसरीकडे प्राचार्यपद चालून आलं होतं, केप्याला. तेही त्यांनी नाकारलं. आम्हाला वाटे, यांना महत्त्वाकांक्षा नाही. होती की नाही कोण जाणे. रेडा होता.

"मान थोरल्याचा, दावं धाकट्याचं," सर म्हणाले. "कितीतरी प्राण्यांत नर एकटाच दोन्ही करतो, दिखावाही आणि मरणंही. आम्ही वाटून घेतलंय."

सुमन वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. बशीत पदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे. "ते सांगतले तुमकां," त्या म्हणाल्या. "पूण दादांची मोटर आली की पयलो दार उगडूंक धांवतले तेच."

सर उंड्याचा तुकडा चहात बुडवत राहिले.

हंगामातली एक सकाळ मी पाहिली आहे. रविवार होता. धारगळच्या बाजूचा एक शेतकरी टेम्पोतून म्हैस घेऊन आला. कोणी कोणाला काही विचारलं नाही, तशी रीतच होती. त्यानं नारळ कट्ट्यावर ठेवला आणि पाठ फिरवून विडी काढली. सर आत गेले, जुना शर्ट चढवून दावं हातात घेऊन आले. सायब जागचा उठला तेव्हा मला त्याचा पुढचा उजवा गुडघा सुजलेला दिसला. म्हशीचा वास लागला तशी त्याची झोपाळू नजर गेली. मान उचलून, वरचा ओठ मुडपून तो क्षणभर हवेत काही वाचत असल्यासारखा उभा राहिला. मग जे झालं ते झालं. फार वेळ लागला नाही. उतरताना त्याचा पाय चिखलात सरकला, सरांनी खांदा लावला, आणि दोघेही काही क्षण तसेच एकमेकांवर रेलून उभे राहिले.

विडीवाला हसत म्हणाला, "मास्तर, तुमच्या सायबाची मजा आसा मरे. ह्या जल्मांत कितें मागचें तर रेड्याचें मागचें."

"माग," सर धापा टाकत म्हणाले. "हंगामभर धड खातो ना. कान भायर, लक्ष भायर. दर म्हशीमागं पाय जाता. आनी पाडे जाले तर तुमीच विकतात. माग."

"तर मागीर तो करता कित्याक?"

"करता म्हणून तर तूं ताका मजा म्हणटा. जे करिनात ते रेडे केन्नाच सोंपले. तांची पारडां खंय आसात?"

शेतकऱ्यानं विडी विझवली. विषय आपल्या आवाक्याबाहेर जातोय हे ओळखून तो टेम्पोकडे गेला. सरांनी बालदीत नाचणीची आंबील कालवली आणि सायबापुढे ठेवली. त्यानं तोंड घातलं नाही. टेम्पो गेला त्या दिशेला बघत राहिला. सर बाजूच्या दगडावर बसले, आणि आंबील थंड होईपर्यंत बसून राहिले. 

मिळकत त्यांनी मला नंतर एकदा दाखवली. स्कूटरवरून आम्ही कोरगावकडे चाललो होतो. रस्त्याच्या कडेला एक रेडी चरत होती, डावं शिंग जरा खाली वळलेलं. सरांनी स्कूटर हळू केली. "सायबाची," एवढंच म्हणाले. पुढे मग मलाही ती शिंगं दिसू लागली. एक पार्सेला, एक तुये गावात. आपल्या अंगावरून गेली तरी बापाला न ओळखणारी, आणि बापही ज्यांना ओळखणार नाही अशी. सरांच्या चेहऱ्यावर मात्र त्या वेळी किंचित काहीतरी यायचं. त्याला आनंद म्हणण्याची हिंमत मी करणार नाही.

सर निवृत्त झाले त्या वर्षी सायबाचा गुडघा अगदीच गेला. सरकारी दवाखान्यातून ढोरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, याला आता म्हशीकडे सोडू नका, बाकी आरामात जगेल. खरं तर सोडायची गरजही उरली नव्हती. गावात म्हशीच कमी झाल्या होत्या; पठारावर विमानतळ आला, रस्ते रुंद झाले, शेतं विकली गेली, आणि ज्यांच्याकडे अजून म्हैस होती ते त्याच डॉक्टरांना फोन करत. ते थंड डबा घेऊन मोटरसायकलवर येत आणि एका नळीनं काम करून जात. सर म्हणत, "हा डबा आला आणि पहिल्यांदाच रेड्याचा खर्च वाचला. पण रेड्याला विचारून नाही."

त्या हंगामात सर दावं घेऊन उठले नाहीत. एक-दोघे म्हैस घेऊन आले, त्यांना त्यांनी डॉक्टरांचा नंबर दिला. नारळ परत केला.

ही गोष्ट पणजीला पोचायला वेळ लागला नाही. देवस्थान समितीचे अध्यक्ष आणि दादा एकमेकांना भेटले. ठरलं असं, की जुना रेडा विकायचा, त्याला न्यायला राज्याच्या हद्दीपलीकडून माणूस येईल. आणि उत्तरेकडून चांगल्या जातीचा नवा रेडा आणायचा, बँड लावून, मिरवणुकीनं, जत्रेच्या दिवशी. विकलेला म्हातारा रेडा पलीकडे जाऊन काय होतो हे सगळ्यांना माहीत होतं. समितीच्या पत्रिकेत त्याला 'निरोप' म्हटलं होतं.

सरांना ते पत्रिकेवरूनच कळलं. त्यांनी दादांना फोन केला. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो.

"दादा, तो हांगाच रावूं दी. खावन-जेवन रावतलो."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. सर मधे मधे 'हंय' म्हणत होते. शेवटी म्हणाले, "मान हांव खंय मागतां? मान तुजोच." फोन ठेवून माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो रावलो तर नवो येवंक शकना. नवो ना तर नारळ ना. दादा म्हणतो, बापायच्या नावाक बट्टो लावूं नाका. देवाक विचारूया म्हणतो. कौल लावूया."

आतल्या खोलीत त्यांची आई होती, नव्वदीच्या आसपासची. तिला ऐकू कमी यायचं, पण हे ऐकू आलं. "मान गेलो तर म्हाका पयलीं व्हर," ती आतून म्हणाली. मान जाण्याआधी तिला स्वतःला जायचं होतं.

जत्रेच्या दिवशी मी गेलो होतो. देवळासमोर मांडव, बाहेर बँडवाले टोप्या काढून वारा घेत बसलेले, आणि वडाखाली एक रिकामा टेम्पो, मागची फळी खाली सोडलेला. सायबाला रंगवलं होतं. शिंगांना सोनेरी वर्ख, गळ्यात झेंडूचा हार. सुजलेला गुडघा झाकायला कोणीतरी त्यावर लाल कापड बांधलं होतं. सर शेजारी दावं धरून उभे, रोजच्या शर्टात. रेडा हारातली फुलं खायचा प्रयत्न करत होता आणि सर त्याला हार जरा वर करून देत होते.

गाभाऱ्यात देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. घाडी पुढे झाला. देवाला गाऱ्हाणं घालणं हे त्याचं काम.

"बा देवा म्हाराजा," त्यानं सुरुवात केली, "जो काय तुझो रेडो आज मेरेन रयतेच्या सेवेक उबो रावलो, तो आतां थकलो. ताका निरोप दिवन, नवो तरणो हाडून, सेवा फुडें चलोवची काय? तसो आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दादांचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. पुढचा बराच वेळ काही झालं नाही. म्हातारे खांबाला टेकले, बायका मुलांना घेऊन बाहेर गेल्या. दादांच्या सोवळ्यातून घाम दिसू लागला. देवाचाही निर्णय होत नसावा. आणि मग उजवीकडची पाकळी सुटली.

ढोल वाजले. दादांनी देवाला नमस्कार केला, अध्यक्षांनी दादांना केला. सगळी मंडळी वडाखाली आली. टेम्पोवाला विडी टाकून उभा राहिला. दादा दोन्ही हात पुढे करून सरांसमोर आले, फोटोवाला वाकला.

"दी," दादा म्हणाले.

सरांनी दावं दिलं नाही.

"अरे दी. कौल जालो."

"जालो," सर म्हणाले. "देवान दिलो. हांव दीना."

मला वाटतं, त्यांनी आयुष्यात दादांना पहिल्यांदाच नाही म्हटलं असावं, कारण दादांचे हात तसेच पुढे राहिले. खाली घ्यायचं त्यांना सुचेना. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्ले मनीस, देवाची आज्ञा मोडतात?" कोणी म्हणालं, सोडून घ्या. पण घेणार कोण? त्यांच्या हातातून ओढलं तर ती देवाची चोरी, आणि चोरी करायला गावातला एकही पुढे येईना. अध्यक्षांनी टेम्पोवाल्याकडे बघितलं. टेम्पोवाला म्हणाला, "हें तुमच्या देवाचें तुमी पळयात."

सरांनी रेड्याच्या गळ्यातला हार काढला, तो त्याच्या तोंडासमोर धरला आणि त्याला घेऊन घराकडे चालायला लागले. तो लंगडत होता, त्यामुळे त्या जाण्यात काही दिमाख नव्हता. फार हळू गेले. एवढे हळू, की लोकांना तोंडं फिरवून उभं राहायलाही अवघडल्यासारखं झालं. बँडवाल्यांपैकी एकाला वाटलं मिरवणूक निघाली. त्यानं दोन सूर वाजवले आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

खर्च व्हायचा तो झाला. दादांनी घराचं नाव टाकलं. आई त्यानंतर वर्षभर जगली. सरांच्या हातून पेज प्यायली, पण पिताना तोंड भिंतीकडे करायची. गेली तीही तशीच. दादा तिच्या दिवसांना आले, देवळाच्या बाजूला राहिले, घरात पाऊल टाकलं नाही. नारळाचं मात्र कुठं अडलं नाही. मान रिकामा ठेवता येत नाही म्हणून तो आता समितीचे अध्यक्ष स्वतः स्वीकारतात. देवाच्या सेवेला रेडा नाही, म्हशी फारशा नाहीत, पण पहिला नारळ आहे आणि तो घ्यायला एक माणूस पायरीवर उभा असतो.

धाकट्या मुलीचं लग्न सरांनी घरासमोरच केलं. गावातले निम्मे आले नाहीत. मांडवात पहिल्या रांगेत मधोमध एक लाकडी कदेल, म्हणजे हातांची खुर्ची, पाठीला कोरीव काम असलेली, रिकामी ठेवली होती. ती दादांची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून तिथं कोणी बसत नव्हतं. मंगलाष्टकं झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला आमचा नियम माहीत नसावा. त्यानं मुलीच्या वडिलांना दोन शब्द बोलायला बोलावलं.

आम्ही सगळे विद्यालयातले एका बाजूला होतो. गणिताचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "आता कोण? कोळी की खेकडा?"

सरांनी माईक घेतला. नव्या जोडप्याकडे बघितलं, मग त्या कदेलीकडे जरा जास्त वेळ.

"सगळ्यांनी जेवून जावं," म्हणाले, आणि माईक परत दिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या डिसेंबरात. डिचोलीहून कामाला पेडण्यात आलो होतो, परतताना चोपड्याला वळलो. घरी वहिनी होत्या. म्हणाल्या, बांधार आसात, दोगूय.

खाजनात भात कापून झालं होतं, खुंटांमधून हिरवं गवत वर आलं होतं. सर बांधावर छत्रीखाली बसले होते, आणखी वाळलेले. खाली सायब चरत होता. गळ्यात दावं नव्हतं. डाव्या शिंगावर कुठेतरी वर्खाचा सोनेरी ठिपका अजून राहिला होता. सरांनी पुसला नव्हता, किंवा त्यांच्या लक्षात आला नव्हता. मी शेजारी बसलो. दादांचा काही फोन, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याची साखर वाढलीय म्हणतात. जेवण बंद केलंय डॉक्टरनं." थोड्या वेळानं, "मोटर थांबते कधी कधी रस्त्यावर. काच खाली होत नाही."

तेवढ्यात नाल्यापलीकडून म्हैस ओरडली. हंगामाचंच ओरडणं, लांबलचक. सायबानं मान वर केली. ओठ मुडपला. पुढचा पाय उचलला, तो दुखरा, आणि तसाच अधांतरी धरून उभा राहिला. सरही सरळ झाले. छत्री त्यांनी बाजूला ठेवली, पण हाक मारली नाही, उठले नाहीत. पलीकडून पुन्हा आवाज आला. वारा नदीकडून होता, त्यात वासही आला असणार. 

मग सायबानं पाय खाली ठेवला, जिथून उचलला होता तिथंच. थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि तोंड गवतात घातलं.

ऊन उतरायला लागलं होतं आणि मला बस गाठायची होती. मी उठू लागलो तसा सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नजर खालीच होती.

"बसा डिचोलकार," ते म्हणाले. "त्याचं जेवण होऊ दे."